जुन्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग: रिकंडिशन रॅक बसवल्यानंतरचा अनुभव

गाडी 2008 ची डिझेल हॅचबॅक. स्टेअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे बेल्टवर फिरणारा पंप, तेलाची डबी, पाइप आणि खाली रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग. मागच्या उन्हाळ्यात पुण्यात रिकंडिशन, म्हणजे जुनाच दुरुस्त करून नव्यासारखा केलेला, रॅक बसवला. त्यावर अख्खा पावसाळा आणि हिवाळा निघाला, घाटही बरेच झाले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

त्रास असा होता: पार्किंगमधून गाडी काढताना स्टेअरिंग जड, फुल कट मारला, म्हणजे स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवलं, की पंपाचा 'घुंईऽऽ' आवाज, आणि डबीतलं तेल सारखं मिनिममच्या खाली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी वर न घेताच 'रॅक गेला, पंपही बदला' म्हणून जो आकडा सांगितला, त्यात एखादी बरी सेकंडहँड स्कूटर आली असती. मग नाना पेठेजवळच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो.

त्याने आधी डबीचं झाकण उघडलं. तेलावर फेस. फेस म्हणजे हवा, आणि ती येते डबीकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपातून. त्या पाइपात पंपाची ओढ असते. क्लिप सैल झाली की तिथून हवा आत शिरते, आणि इंजिन चालू असताना तेलाचा थेंबही बाहेर दिसत नाही. पाइपाचा तुकडा आणि दोन क्लिपा बदलल्या, आवाज गेला. 'बदलाच' म्हटलेला तो पंप आजही गाडीत आहे.

तेल कमी होण्याचं कारण मात्र खरंच रॅक होतं. रॅकच्या टोकाचा डावा रबरी बूट दाबला तर आत खळखळ. क्लिप काढल्यावर वाटीभर लाल तेल ओघळलं. बूट चिरलेला, त्यातून पाणी-चिखल आत गेलेला, शाफ्टवर गंजाचे खड्डे. शाफ्ट गुळगुळीत असेल तर नुसतं सील किट टाकून भागतं. खड्डे असले की नवं सीलही कापलं जातं. म्हणून रिकंडिशन. जुना रॅक जमा करून आठ हजारांच्या आसपास, फिटिंग आणि अलाइनमेंट वेगळं. अलाइनमेंट टाळूच नका, टायर एका बाजूने खाल्ले जातात. सहा महिन्यांची गॅरंटी बिलावर लिहून घेतली.

आजवर गळती नाही, तेलाची पातळी तिथल्या तिथे. पार्किंगमध्ये आता आईसुद्धा सहज वळवते. तक्रार एकच राहिली होती. ताम्हिणीत वळण संपलं तरी स्टेअरिंग आपणहून सरळ येत नसे, हाताने आणावं लागे. पहिला संशय साहजिकच रॅकवर. निघालं वेगळंच: स्टेअरिंग कॉलमच्या खालचा क्रॉस, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याला रॅकशी जोडणारा फिरता सांधा, गंजून आखडला होता. एवढा रॅक उतरवला तेव्हाच तो हलवून बघायला हवा होता, असं मी मेकॅनिकला तोंडावर सांगितलं. क्रॉस बदलल्यावर फरक लगेच कळला.

तेलाबद्दल: माझ्या गाडीला डेक्सरॉन 3 दर्जाचं लाल एटीएफ (मुळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं. काही युरोपियन गाड्यांना हिरवं सिंथेटिक लागतं, दोन्ही मिसळली तर सीलांची वाट लागते. मॅन्युअल बघा, दुकानदाराच्या 'सगळ्यांना हेच चालतं' वर जाऊ नका. गळती थांबवणाऱ्या बाटल्या रबर फुगवून थोडे दिवस ढकलतात. गाडी विकायचीच असेल तर तुमची मर्जी.

तेल भरल्यावर हवा काढणं समोर उभं राहून करून घ्या. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. मध्येमध्ये तेल भरत राहायचं. इंजिन त्यानंतर. गडबडीत हेच उरकतात आणि मग गिऱ्हाइकाला 'पंप गेला' ऐकावं लागतं. फुल कटवर स्टेअरिंग दाबून धरायची सवयही सोडा, तेवढा वेळ पंप पूर्ण दाबावर राबतो आणि तेल तापतं.

सध्या खड्ड्यांत डावीकडून हलकी टकटक येते. रॅकवाला म्हणतो लिंक रॉड (सस्पेन्शनचा), मला रॅक एंडचा (रॅकच्या टोकाच्या सांध्याचा) संशय आहे. पुढच्या आठवड्यात गाडी लिफ्टवर घेतोय.