मोडल क्रियापदांसाठी मर्फींचे व्याकरण : मराठी वाचकाला ते कुठवर नेते

रेमंड मर्फी यांचे 'इंग्लिश ग्रामर इन यूज' हे पुस्तक केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने १९८५ मध्ये प्रथम प्रकाशित केले आणि २०१९ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती आली. मध्यम पातळीवरच्या विद्यार्थ्याला शिक्षकाशिवायही वापरता यावे, या हेतूने लिहिलेल्या या पुस्तकात १४५ प्रकरणे आहेत. प्रत्येक प्रकरण समोरासमोरच्या दोन पानांत संपते, डाव्या पानावर स्पष्टीकरण आणि उजव्या पानावर स्वाध्याय. संपूर्ण पुस्तकाचा आढावा येथे घ्यायचा नाही. इंग्रजीतील मोडल, म्हणजे 'कॅन', 'मस्ट', 'शुड', 'वुड' यांसारखी सहायक क्रियापदे, मुख्य क्रियापदाशी आणि त्याच्या पुढच्या शब्दयोगी अव्ययाशी कशी जोडली जातात, हे मराठी माध्यमातून आलेल्या प्रौढ वाचकाला या पुस्तकातून कितपत समजते, एवढाच प्रश्न मी विचारात घेतला आहे.

हा प्रश्न महत्त्वाचा वाटण्याचे कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. मराठीत सहायक क्रियापद मागून येते आणि आधीच्या धातूचे रूप तेच ठरवते, म्हणून आपण 'करू शकतो', 'करावे लागते', 'केले पाहिजे', 'करता येते' अशी चार वेगळी रूपे सहज वापरतो. कर्ताही त्याबरोबर बदलतो : 'मी जाऊ शकतो', पण 'मला जावे लागते'. इंग्रजीत मात्र कर्ता जागचा हलत नाही आणि मोडलच्या पुढचे क्रियापद कोणताही प्रत्यय न घेता मूळ रूपात उभे राहते. इतका साधेपणा आपल्या कानाला अपुरा वाटतो आणि मग 'शी मस्ट टू गो', 'ही कॅन स्पीक्स', 'आय कॅन एबल टू डू' अशी वाक्ये तयार होतात. शाळेत मोडल शिकवले जातात ते बहुधा अर्थाच्या यादीने : क्षमता असेल तर अमुक, परवानगी असेल तर तमुक. बारावीच्या कृतिपत्रिकेतला मोडलचा प्रश्नही याच वळणाचा असतो. या पद्धतीत मोडलचा अर्थ पाठ होतो, पण पुढे काय जोडायचे याची सवय लागत नाही.

मर्फींची २६ ते ३७ ही बारा प्रकरणे नेमकी ही सवय लावतात. 'कुड डू' आणि 'कुड हॅव डन' ही जोडी २७ व्या प्रकरणाच्या शीर्षकातच शेजारी ठेवलेली आहे. मोडल सुटा न शिकवता त्याच्या पुढच्या रूपासकट शिकवायचा, हे धोरण पुढेही टिकते आणि माझ्या मते या पुस्तकाचे सर्वांत मोठे बळ तेच आहे.

अठ्ठावीस ते तीस या प्रकरणांतून आपल्या वाचकाला सर्वाधिक मिळण्यासारखे आहे. 'ते झोपले असतील' हे मराठी वाक्य घ्या. समोरच्या घरातला दिवा बंद दिसला म्हणून ते खात्रीने म्हटलेले असू शकते, किंवा काहीच माहीत नसताना केवळ अंदाजाने. मराठीत हा फरक 'नक्कीच', 'बहुतेक', 'कदाचित' असे शब्द जोडून किंवा नुसत्या आवाजाच्या चढउताराने दाखवता येतो, क्रियापद तेच राहिले तरी चालते. इंग्रजीत मात्र 'मस्ट हॅव गॉन टू बेड' आणि 'मे हॅव गॉन टू बेड' यांतून निवड करावीच लागते, आणि खात्रीने नकार द्यायचा असेल तर 'कान्ट हॅव' म्हणावे लागते, 'मस्ट नॉट हॅव'ची वाट सहसा धरली जात नाही. मर्फींचे स्वाध्याय प्रसंग देऊन ही निवड करायला भाग पाडतात, नियम विचारत बसत नाहीत. दोन पाने नीट सोडवल्यावर 'हॅव'च्या पुढे क्रियापदाचे तिसरे रूप आपोआप येऊ लागते.

बत्तिसावे प्रकरणही असेच मोलाचे आहे. आपण 'आता जायला नको' म्हणतो तेव्हा जाण्याची गरज नाही असे सांगायचे असते की जाऊ नये असे बजावायचे असते, हे संदर्भावरून ठरते. 'नीडन्ट' आणि 'मस्टन्ट' यांत ती मोकळीक नाही, पहिल्यात सूट आहे आणि दुसऱ्यात मनाई. त्याच प्रकरणात 'नीडन्ट हॅव कम' आणि 'डिडन्ट नीड टू कम' यांतला भेदही येतो. 'तुला यायची गरज नव्हती' या वाक्यावरून पाहुणा आला होता की नाही हे कळत नाही, पण 'यू नीडन्ट हॅव कम' म्हटले की तो आलेला आहे हे निश्चित होते. सव्विसाव्या प्रकरणातला 'कुड' आणि 'वॉज एबल टू' हा भेद मात्र घाईने वाचू नये. 'गाडी उशिरा आली, तरी मी वेळेवर पोहोचू शकलो' येथे 'कुड' चालत नाही, कारण तो एकदाच घडलेला आणि प्रत्यक्ष साधलेला प्रसंग आहे. 'शकलो'ला 'कुड' हे समीकरण आपल्याकडे इतके घट्ट रुजलेले आहे की ते सुटायला वेळ लागतो. विनंतीवरचे ३७ वे प्रकरण सोपे आहे, ते सहज उरकते.

आता उणीव. शब्दयोगी अव्यये या पुस्तकात १२१ ते १३६ या प्रकरणांत आहेत आणि त्यांपैकी क्रियापदाला जोडून येणारी १३२ च्या पुढे. म्हणजे मोडल आणि अव्यय यांच्यामध्ये जवळजवळ शंभर प्रकरणांचे अंतर पडते. बोलताना आणि लिहिताना तर दोन्ही एकाच वाक्यात लागतात. 'तू माझ्यासाठी थांबायला हवे होतेस' म्हणताना 'शुड हॅव वेटेड' येथवर वाचक पोहोचतो, पण पुढचे 'फॉर मी' निसटते. 'तुम्ही मला समजावून सांगायला हवे होते' याचे तो 'शुड हॅव एक्सप्लेन्ड मी' असे करतो, कारण मराठीत 'मला' एकच आहे, मग क्रियापद 'टेल' असो की 'एक्सप्लेन'. 'एक्सप्लेन'ला 'टू' लागतो हे १३२ व्या प्रकरणात सापडते आणि 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' येत नाही हे १३३ व्या, पण तिथवर जाईपर्यंत 'शुड हॅव' मागे पडलेले असते.

सर्वांत अडचणीची जागा कर्मणी प्रयोगाची आहे. कार्यालयीन पत्रात 'या प्रकरणाची चौकशी झाली पाहिजे' हे वाक्य नेहमी लागते. इंग्रजीत ते 'धिस मॅटर मस्ट बी लुक्ड इनटू' असे होते आणि शेवटचे 'इनटू' पुढे कोणतेही नाम न उरता तसेच लटकत राहते. मराठी मनाला अव्यय नामाशिवाय उभे राहू शकते हेच पटत नाही, म्हणून ते गळून पडते. 'शी कॅन बी रिलाइड ऑन', 'इट शुड बी डेल्ट विथ' यांचेही तेच होते. मोडलनंतरचा 'बी डन' ४३ व्या प्रकरणात उत्तम समजावलेला आहे, परंतु मोडल, कर्मणी रूप आणि शेवटचे अव्यय हे तिन्ही एकत्र आणणारे स्वतंत्र प्रकरण पुस्तकात नाही. जगभरच्या वाचकांसाठी एकाच साच्यात लिहिलेल्या पुस्तकाकडून प्रत्येक भाषिकाच्या अडचणीची दखल घेण्याची अपेक्षा करता येत नाही हे मान्य, तरी ही जोडणी इंग्रजीच्या रोजच्या व्यवहारातली असल्याने तिला दोन पाने मिळायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते.

'यूज्ड टू'चेही असेच आहे. जुन्या सवयीचा 'यूज्ड टू' १८ व्या प्रकरणात आहे आणि अंगवळणी पडण्याचा ६१ व्या. पहिल्यातला 'टू' क्रियापदाच्या मूळ रूपाला जोडलेला, तर दुसऱ्यातला खरे शब्दयोगी अव्यय, म्हणूनच 'यू विल गेट यूज्ड टू लिव्हिंग अलोन' येथे 'लिव्ह' चालत नाही. ही दोन प्रकरणे एकाच दिवशी, एकामागोमाग वाचावीत.

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचण्यासाठी नाही, हे लेखकानेच सांगितले आहे आणि कोणते प्रकरण आपल्याला हवे ते शोधण्यासाठी शेवटी एक चाचणीही दिली आहे. मराठी वाचकाने आणखी थोडे स्वातंत्र्य घ्यावे. २७ वे प्रकरण झाले की लगेच १३२ वे उघडावे आणि तिथल्या प्रत्येक क्रियापदाला 'शुड हॅव' व 'कुड हॅव' लावून स्वतःची वाक्ये लिहावीत. ४३ वे झाले की १३२ ते १३६ मधली क्रियापदे 'मस्ट बी' आणि 'कॅन बी' यांच्या पुढे बसवून पाहावीत. ज्यांची अव्यये नामाशिवाय उभी राहतात, ती क्रियापदे वहीत अव्ययासकट एका ओळीत उतरवावीत. चौतिसाव्या प्रकरणात 'सजेस्ट' येतो, तिथे 'सजेस्टेड मी टू गो' ही आपल्याकडची रूढ चूक आठवून 'सजेस्टेड दॅट आय शुड गो' हे वाक्य मोठ्याने म्हणावे.

एकट्याने अभ्यास करणाऱ्याने उत्तरांसहितचीच प्रत घ्यावी. हे पुस्तक उत्तरांशिवायही विकले जाते आणि ती प्रत वर्गात शिक्षकाबरोबर वापरण्यासाठी आहे. ज्यांचे इंग्रजी अजून साध्या वर्तमानकाळाशीच अडखळते, त्यांनी याच लेखकाच्या 'एसेन्शियल ग्रामर इन यूज'पासून सुरुवात करावी, कारण 'इंग्लिश ग्रामर इन यूज' या निळ्या पुस्तकातील स्पष्टीकरणेही इंग्रजीतच आहेत आणि ती वाचता येतील एवढी तयारी गृहीत धरलेली आहे.