बोरिवली ते चर्चगेट: माझ्या डब्याची सेवा

माझा डबा सकाळी साडेनऊला बोरिवलीच्या घरून निघतो आणि पाऊण वाजता चर्चगेटजवळच्या आमच्या कॉलेजात, स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर असतो. सासूबाई भरतात, मामा, म्हणजे आमचे डबेवाले, नेतात. मी ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे कामांची आखणी गणिताने करायचा विषय, शिकवते, म्हणून डबेवाल्यांच्या या सेवेवर मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

आधी झाकण बघा. मधोमध मोठा आकडा, तो उतरायच्या ठिकाणाचा. कडेला इमारतीची आणि मजल्याची खूण, आणि डबा कुठून आला त्याची अक्षरं. हे सगळं एकदम कोणालाच वाचावं लागत नाही. बोरिवलीत मधला आकडा पुरतो, चर्चगेटला उतरल्यावर कडेची खूण. एकदा मी मामांबरोबर स्टेशनबाहेर मुद्दाम थांबले. चार-पाच सायकली आल्या, हँडलला आणि कॅरिअरला डबे लटकलेले. मुकादम बाजूला उभे. डबे खाली आले, आकड्याप्रमाणे लांब लाकडी क्रेटमध्ये गेले. माझा डबा ज्या सायकलवरून आला, त्यावरचे शेजारी डबे दुसऱ्याच क्रेटांत पडले. दहा मिनिटांत सगळं लगेजच्या डब्याकडे निघालं.

वर्गात आम्ही फळ्यावर हेच सोडवतो. २५ ठिकाणं एकमेकांना थेट जोडायची तर ३०० जोडण्या लागतात, एकच हब, म्हणजे सगळा माल जिथे गोळा होऊन पुढे वाटला जातो ते ठिकाण, धरला तर २४. हब तीन घ्यायचे ठरले, तर ते निवडायच्या २,३०० रीती. निवडल्यावर उरलेली २२ ठिकाणं कोणत्या हबला जोडायची, याचे पर्याय ३,१३८ कोटींच्या वर जातात. मॉर्टन ओ'केली यांनी १९८७ मध्ये हे गणित मांडलं तेव्हा ते वर्गपदी झालं, कारण माल निघतो ते ठिकाण कुठल्या हबला आणि पोचतो ते कुठल्या, हे दोन निर्णय एकमेकांशी गुणले जातात. त्यात अल्फा नावाचा एक गुणक असतो: हब ते हब माल एकगठ्ठा जातो म्हणून मिळणारी सवलत. बोरिवली ते चर्चगेट लोकल हाच डबेवाल्यांचा अल्फा. शेकडो डबे एका गाडीत, खर्च काही माणसांच्या पासाचा. एकट्या माझ्या डब्यासाठी कोणी सायकल मारत चर्चगेटला गेलं असतं, तर ही सेवा मला कधीच परवडली नसती.

पण हबमुळे वळसा पडतो, आणि तो कोणाच्या वाट्याला येतो हे बघायला हवं. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाची साडी मी एका कुरिअर कंपनीकडून बोरिवलीहून दहिसरला पाठवली. शेजारचं स्टेशन! ती आधी भिवंडीच्या गोदामात गेली, तिथली रात्रीची गाडी चुकली, आणि तिसऱ्या दिवशी, लग्न लागल्यावर पोचली. कंपनीच्या एकूण खर्चात तो वळसा बसत असेलही, पण भाचीला साडी मिळाली नाही. आमच्याच बिल्डिंगमधला एक डबा कांदिवलीला जातो. मामा तो गाडीत चढवतच नाहीत, सायकलवरून थेट देतात. जवळचं जवळ ठेवायचं, लांबचं तेवढं हबमधून न्यायचं. ही समज मला फार मोलाची वाटते, आणि दर वर्षी मी ती मुलांना आवर्जून सांगते.

उणिवाही सांगते. लोकल थांबली की सगळंच थांबतं. २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या तसे डबेही बंद झाले, आणि पावसात रुळांवर पाणी आलं की आम्ही कँटीनमध्ये. रविवारी सेवा नसते. चैत्रात गावच्या जत्रेसाठी मामा मंडळी मावळ-जुन्नरकडे जातात, तेव्हा काही दिवस स्वतः डबा न्यावा लागतो. त्यांच्या जत्रेबद्दल माझी तक्रार नाही. आमटी पाऊण वाजेपर्यंत कोमटच उरते.

नवीन कोणी लावणार असेल तर दोन गोष्टी पाळा. डबा ठरल्या वेळी दारात तयार ठेवा, कारण मामांना पुढची गाडी गाठायची असते. "ताई, दोन मिनिटंसुद्धा थांबता येत नाही," असं मामांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि सुट्टी असेल तर आदल्या दिवशीच कळवा.