सल्काटाचं पिल्लू आणि सोबतचा ‘फुल सेटअप’

सल्काटा हे आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातलं जमिनीवरचं कासव. पिल्लू जेमतेम पाच सेंटिमीटरचं. विकणारा त्याच्यासोबत ‘फुल सेटअप’ गळ्यात मारतो: दोन फुटी काचेची टाकी, तळाला पांढरी ‘कॅल्शियम’ वाळू, लाल बल्ब, जांभळट ‘यूव्ही’ (अतिनील किरणांचा) दिवा आणि खाद्याच्या गोळ्यांचा डबा. यातली खरी मेख अशी की या टाकीत पिल्लू लगेच मरत नाही. काही आठवडे खातं-फिरतं, मग डोळे मिटून बसायला लागतं, कवच बोटानं दाबलं की दबतं. तोवर सात दिवसांची गॅरंटी कधीच संपलेली असते आणि ‘तुम्हीच नीट सांभाळलं नाही’ हे ऐकून घ्यावं लागतं.

सगळ्यात मोठी लबाडी दिव्यात आहे. विकणारा दिव्याखाली पाचशेची नोट धरतो, ती चमकते, गिऱ्हाईक खूश. पण नोट यूव्हीए या प्रकारच्या अतिनील किरणांनीही चमकते. कवच आणि हाडं घट्ट व्हायला डी-३ जीवनसत्त्व लागतं आणि ते यूव्हीबी या दुसऱ्या प्रकारानेच बनतं, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या किरणांनी. नोटेवरून त्याचा काहीच पत्ता लागत नाही. पिळाच्या छोट्या दिव्याऐवजी टी-५ हाय आउटपुट प्रकारची, यूव्हीबी देणारी लांब नळी घ्या आणि ती वेष्टनावर दिलेल्या अंतरावरच बसवा. मध्ये काच नको, काच यूव्हीबी अडवते. बारीक जाळीही बराच भाग खाते. वर्षभरानं नळी बदला, कारण उजेड दिसत राहतो पण यूव्हीबी घटलेली असते. कोवळं ऊन उत्तमच, मात्र उघड्या टबमध्ये आणि अर्ध्या भागात सावली ठेवून. काचेची टाकी उन्हात ठेवली तर काही मिनिटांत भट्टी होते.

दुसरी थाप: ‘वाळवंटी जात आहे, पाणी लागत नाही.’ मोठी सल्काटासुद्धा दिवसाचा ताप टाळायला दमट बिळात शिरतात. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लाच्या पाठीवरचे खवले टेंगळांसारखे वर येतात. याला पिरॅमिडिंग म्हणतात आणि आलेली टेंगळं पुन्हा सपाट होत नाहीत. मुंबईच्या पावसाळ्यात हवा आपसूक दमट असते, पण एसीच्या खोलीत किंवा बल्बखाली ती तशी राहत नाही. पुण्याच्या हिवाळ्यात तर थंडीही आणि कोरडेपणाही.

म्हणून पेटी झाकणाची हवी, बाजू अपारदर्शक. काचेतून पलीकडचं दिसलं की पिल्लू दिवसभर काच ओरबाडत बसतं. एका पिल्लाला चार फूट बाय दोन फूट जागा द्या. तळाला आठ-दहा सेंटिमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा); पाणी कोपऱ्यांतून ओता, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहतो. वरचा थर चिखल झाला तर कवच पोटाकडून कुजतं. आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास. दिव्याखालची जागा ३५ ते ३८ अंश, बाकी पेटी २७ ते ३०, रात्रीही २६ च्या खाली नको. रात्रीसाठी लाल बल्ब नको, कासवाला तो उजेड दिसतो. थर्मोस्टॅट लावलेला, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा आणि त्याचा सेन्सर पिल्लाच्या उंचीवर ठेवा. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे मापक बिनकामाचे; वायरवाला डिजिटल घ्या. ‘कॅल्शियम’ वाळू पिल्लं खातात आणि आतडं तुंबतं. पाण्यासाठी कुंडीखालची उथळ मातीची बशी पुरते, शिवाय रोज वीसेक मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं, पाणी हनुवटीखालीच. खायला गोळ्यांऐवजी हरळी, जास्वंदीची आणि तुतीची पानं. फळं नकोत.

‘एकटं कंटाळेल, नर-मादीची जोडी घ्या’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठाच. एवढ्याशा पिल्लाचा नर-मादी बाहेरून ओळखूच येत नाही. दोन ठेवली की एक दुसऱ्याला दिव्याखालून आणि खाण्यावरून हुसकत राहतं. ‘मिनी’ सल्काटा नावाचा प्रकारही नाही. मोठं कासव चाळीस किलोच्या पुढे जातं. फ्लॅटमध्ये ते कुठे ठेवणार, हे पैसे देण्याआधी ठरवा.

आता कागदपत्रं. परदेशी प्राणी पाळणाऱ्यांनी ते स्वतःहून जाहीर करावेत म्हणून आणलेल्या केंद्राच्या २०२० च्या ऐच्छिक घोषणा योजनेतल्या पत्राची झेरॉक्स दाखवून ‘लीगल आहे’ म्हणतात. ते पत्र ज्यानं प्राणी घोषित केले त्याचं, त्याच प्राण्यांपुरतं. २०२४ च्या नियमांप्रमाणे परदेशी कासवाची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, हस्तांतरणाची आणि जन्माचीही. विकणाऱ्याच्या नोंदीत प्रजाती आणि संख्या जुळते का ते स्वतः बघा. सल्काटाचं पिल्लू फिकट पिवळं-तपकिरी असतं, खवल्यांच्या कडा गडद. काळसर खवल्यांवर पिवळे किरण फाकलेले दिसले तर ते तारा कासव, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं. कुठलीही पावती त्याला कायदेशीर करत नाही. असं पिल्लू घेऊ नका. चुकून घरात आलंच असेल तर तळ्याकाठी किंवा बागेत सोडू नका. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा.