डिझेलच्या गाडीत पेट्रोलचा जनरेटर न्यावा का?

आमची टेम्पो ट्रॅव्हलर कॅम्पर करून घेतली, त्याला आता पाचवं वर्ष लागलं. पहिली तीन वर्षं तिच्यात २ केव्हीएचा पेट्रोलवर चालणारा इन्व्हर्टर जनरेटर होता, म्हणजे लोडप्रमाणे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा. गेली दोन वर्षं दीड युनिट वीज साठवणारं लिथियमचं पॉवर स्टेशन आहे. दोन्ही मी पदरचे पैसे घालून घेतली आणि वापरली. तेव्हा दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नव्हता, म्हणून स्वस्त-महागाचा मुद्दा बाजूला ठेवतो. उघड्या फ्रेममधला साधा जनरेटरही सोडून देतो. लोड असो वा नसो, तो मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत राहतो आणि त्याच्याशेजारी बसून जेवताही येत नाही.

आमची रात्रीची गरज आधी सांगतो, कारण सगळा निर्णय तिच्यावर ठरतो. १२ व्होल्टचा छोटा फ्रिज, दोन पंखे, दिवे, फोन, आणि आईचं झोपताना नाकाला लावायचं सीपॅप मशीन. पाऊण ते एक युनिटात रात्र निघते. सकाळी चटणीपुरता मिक्सर. एसी नाही, इंडक्शन नाही, स्वयंपाक गॅसवर.

जनरेटरबद्दल आधी चांगलं सांगायला हवं, कारण त्याने आम्हाला खरोखर साथ दिली. लिटरभर पेट्रोलात हलक्या लोडवर साधारण एक युनिट मिळायचं, पूर्ण लोडवर दीडच्या आसपास. पेट्रोल आहे तोवर वीज आहे, ही निश्चिंती दुसऱ्या कशात नाही. एकदा दिवेआगरला चार दिवस एकाच जागी राहिलो, आभाळ सतत भरलेलं, पण आम्हाला काही कमी पडलं नाही. आवाजाची तक्रार लोक करतात तेवढी मला जाणवली नाही. दहा-बारा पावलांवर ठेवला तर गप्पा नेहमीच्या आवाजात व्हायच्या. अर्थात निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबलची आहे आणि छोट्यातला छोटा जनरेटरही तिच्या वरच असतो. कॅराव्हॅन पर्यटनाचं सरकारी धोरण २०२१ मध्ये आलं, पण आमचे मुक्काम अजूनही बहुतेक ओळखीच्या वाडीतच होतात. तिथे शेजारच्या घरात म्हातारी माणसं, तान्ही मुलं असतात. म्हणून दहाला बंद म्हणजे बंद.

आणि तो झोपताना बंदच असायला हवा, आवाज नसता तरीही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. जनरेटर गाडीपासून निदान वीस फूट लांब, धुराचं तोंड पलीकडे, आणि सगळे जागे असतानाच चालवायचा, हा आमच्याकडे न मोडणारा नियम होता. पण मग रात्रभर चालणाऱ्या सीपॅपचं काय? त्यासाठी गाडीत बॅटरी होतीच, संध्याकाळी तीन तास जनरेटर लावून ती भरायची. म्हणजे जनरेटर घेतला तरी बॅटरी सुटत नाही, हे घेण्याआधी मला कुणी सांगितलं नव्हतं.

तरीही त्या कारणाने मी तो काढला नसता. काढला पेट्रोलच्या वासामुळे.

गाडी डिझेलची, जनरेटर पेट्रोलचा. म्हणजे पेट्रोल वेगळं भरायचं आणि सोबत न्यायचं. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पंपावर देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पत्र्याचा कॅन घेतला, घट्ट झाकणाचा. जनरेटरच्या टाकीचं हवेचं भोकही प्रवासात न चुकता बंद करायचो. पण उन्हात गाडी तापली की वाफ कुठून तरी निघायचीच. ताम्हिणीच्या वळणांवर, एप्रिलच्या दुपारी, बंद गाडीत तो वास म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. आईला घाटात आधीच मळमळतं. डोंगरवाडीच्या पुढे तीनदा गाडी थांबवावी लागली. माणगावला पोचलो तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "पुढच्या खेपेला मी घरीच राहीन रे, तुम्ही जाऊन या." गाडी मी तिला समुद्र दाखवायला म्हणून केली होती.

नंतर फॅब्रिकेटरकडून मागच्या बाजूला बाहेर पेटी करून घेतली. वास गेला, पण वीस-एकवीस किलोचं धूड दर मुक्कामाला उतरवा-चढवा, वर पावसाची आणि चोरीची काळजी. शिवाय पावसाळाभर पडून राहिला की कार्बोरेटर, म्हणजे इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, चिकटायचा. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवेतला ओलावा लवकर धरतो. कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवणं हाच त्यावर उपाय, आणि दोन वर्षं मी ते विसरलो.

पॉवर स्टेशनच्या मर्यादाही आहेत. संपलं की संपलं. एका जागी तीन रात्री, त्यात जुलै महिना, तर सोलर पॅनेलवर विसंबू नका. माझं २०० वॅटचं पॅनेल कोकणच्या पावसात जवळजवळ शोभेचं असतं. फिरत राहणाऱ्यांना मात्र पॉवर स्टेशन छान जमतं. फक्त चार्जिंग गाडीच्या सिगारेट सॉकेटवर करू नका. तिथून जेमतेम १०० वॅट मिळतात आणि लोक निराश होतात. गाडीच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या भागावरून, जाड वायर ओढून ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर बॅटरी भरणारा) बसवून घ्या. पुण्याहून दापोलीला पोचेपर्यंत माझं स्टेशन रिकाम्याचं भरतं. आणि फ्रिज, पंखे १२ व्होल्टच्या आउटपुटवर लावा. २३० व्होल्टचा भाग रात्रभर चालू ठेवला तर तो नुसता बसल्या बसल्या शंभरेक वॅट-तास खातो.

तुम्हाला एसी हवाच असेल, किंवा आठवडाभर एकाच रानात राहायचं असेल, तर जनरेटरच घ्या. माझा अनुभव तुमच्या कामाचा नाही. लडाखचा बेत असेल तर दोन्हीकडे जपून. लेहच्या ३५०० मीटरवर विरळ हवेत इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटते. पॉवर स्टेशनमधली लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, ती रात्री गाडीत माणसांसोबत ठेवावी लागते. पण डिझेलची गाडी, रोज-दोन रोजांनी हलणारा मुक्काम आणि सोबत वयस्कर माणूस, असं असेल तर मी तरी पेट्रोल गाडीत चढवणार नाही.

आमचा जनरेटर आता चिपळूणजवळ मेहुण्याच्या घरी पडवीत असतो. पावसात तिथली वीज दोन-दोन दिवस जाते. मेहुणा तो दर महिन्याला दहा मिनिटं चालवतो, मग पेट्रोलचा कॉक बंद करून आपोआप थांबू देतो. कार्बोरेटर अजून एकदाही चिकटलेला नाही.