स्कीचं पातळ जॅकेट: गुलमर्ग ते चोपडा, वर्षभराच्या वापरानंतर

2025 मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये गेल्या. ते वाचून आम्हीही भुसावळहून झेलम एक्स्प्रेसचं तिकीट पुढे ढकललं आणि मधल्या काळात हे जॅकेट घेतलं. दुकानदार जाड, पिसं भरलेलं पुढे करत होता. मी मात्र नुसतं अस्तर असलेलं, 10,000 मिलिमीटर वॉटरप्रूफचं (कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं, त्याचं हे माप) पातळ उचललं.

मार्चच्या गुलमर्गला एका दिवसात तीन ऋतू दिसतात. रात्रभर गोठलेला उतार सकाळी काचेसारखा कडक असतो, उन्हं वर आली की तोच बर्फ ओलसर, जड होतो, आणि दुपारी ढग उतरले की बर्फ पडतोय की पाऊस, हेच कळत नाही. त्यात गुलमर्ग 2,650 मीटरवर, तर गोंडोलाचं, म्हणजे तिथल्या रोपवेचं, वरचं टोक अफरवत डोंगरावर 3,900 च्याही वर. हजार मीटरला साडेसहा अंश धरले, तरी खाली-वर आठेक अंशांचा फरक पडतो. वाऱ्याचा हिशेब वेगळाच. तो वाढला की वरचा टप्पा बंदच ठेवतात.

शिकाऊ माणूस स्की कमी करतो, पडतो आणि चढतो जास्त. अंगाला घाम फुटतो, मग रांगेत उभं राहिलं की तोच घाम गारठवतो. इथे काखेतल्या चेननी पैसे वसूल केले: चढताना उघड्या, थांबलो की बंद. जाड जॅकेटवाले सोबती जेवणापर्यंत आतून ओले झालेले. आत लोकरीचा पातळ बनियन आणि फ्लीस, एवढ्यावर माझं भागलं. कमरेचा आतला पट्टाही मस्त, पडल्यावर पाठीत बर्फ शिरत नाही. चेनचे खटके मात्र इतके बारीक, की हातमोजे काढल्याशिवाय धरताच येत नाहीत.

खरी परीक्षा गावी, जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला झाली. पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळी हवा) काश्मीरला बर्फ देऊन पुढे सरकला, की मागून उत्तरेचे वारे तापीखोऱ्यात उतरतात आणि केळीला चरका बसायची, म्हणजे थंडीने इजा व्हायची, धास्ती सुरू होते. निसवणीतल्या (घड बाहेर पडत असलेल्या) बागेला रात्री पाणी सोडायचं, बांधावर धूर करायचा, हे उद्योग मी याच जॅकेटवर केले. पहिल्या रात्री शेजारी म्हणाला, “कथा चालना भो, चंद्रवर?” (कुठे चाललास भाऊ, चंद्रावर?) दवाने ओलं झालं नाही, वारा अजिबात लागला नाही. तोरणमाळला पहाटे मोटारसायकलवर तर याला तोड नाही. शेकोटीपासून मात्र लांब राहा. ठिणगीने बाहीला भोक पडलंय. भरीत पार्टीला घालायचं कापड नव्हे हे.

खांद्यावर, पिशवीच्या पट्ट्याखाली, पाणी आता थेंब होऊन घरंगळत नाही, कापड भिजतं. साध्या पावडरऐवजी द्रव साबणाने धुऊन, सॉफ्टनर न घालता, लेबलवर सांगितल्याप्रमाणे मंद इस्त्री फिरवली तेव्हा बराच फरक पडला. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका, आपल्याकडच्या उष्णतेने आतला थर चिकट होऊन सोलतो. कपाटात, घडी न घालता टांगा.

माप एक नंबर मोठं घ्या, आत स्वेटर मावला पाहिजे. नुसत्या बनियनवर ऊब शोधणाऱ्याने हे घेऊ नये.