कोयोटीची शिकार: वायोमिंगचे माळरान आणि पेन्सिल्वेनियाचे जंगल
अमेरिकेच्या पश्चिमेकडील वायोमिंग राज्यातल्या सेजब्रश नावाच्या झुडपांच्या माळावर मुरलेला शिकारी पूर्वेकडील पेन्सिल्वेनिया राज्याच्या जंगलात उतरला, की त्याची दूरवरची नजर फारशी उपयोगी पडत नाही. माळावर जखमी सशाच्या आवाजाची शिट्टी वाजवल्यावर कोयोटी (लांडग्याच्या कुळातला, त्याहून लहान रानटी प्राणी) लांबून येताना दिसतो आणि रायफलीने नेम साधायला वेळ मिळतो. जंगलात मात्र तो बहुधा शिकाऱ्याकडून वारा जिकडे वाहतो त्या बाजूने वळसा घेत येतो व अगदी जवळ आल्यावरच दिसतो, म्हणून तिथे छर्ऱ्यांची बंदूक अधिक योग्य ठरते. पूर्वेकडचा कोयोटी लांडग्याशी झालेल्या संकरामुळे आकारानेही मोठा असतो. माझ्या मते बंदूक बदलणे सोपे आहे. खरे कठीण आहे ते एकाच जागी अधिक वेळ निश्चल बसणे आणि कोयोटीच्या वाटा ठशांवरून व विष्ठेवरून आधीच ओळखणे.