मेघबीजनाची सेवा : पैसे मोजण्याआधी सोलापूरचे आकडे नीट वाचा

विमानाने ढगात बीज पेरून पाऊस वाढतो का? पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने) २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात सोलापूरच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात केलेला प्रयोग याचं सर्वांत भरवशाचं उत्तर देतो. पाऊस वाढतो, पण ढग आधीच तयार असेल तरच.

काम असं चालतं. पंखांखालच्या रॅकमध्ये कॅल्शियम क्लोराइड या मिठासारख्या क्षाराच्या फ्लेअर, म्हणजे जळताना कणांचा धूर सोडणाऱ्या नळकांड्या, लावतात. विमान ढगाच्या पायाखाली, हवा वर चढते तिथे घिरट्या घालतं आणि फ्लेअर जाळतं. आपल्याकडच्या धुळकट ढगांत थेंब असंख्य पण बारीक असतात, एकमेकांवर आदळून मोठे होत नाहीत. या क्षाराचे मोठे कण पाणी ओढून घेतात आणि ही अडलेली साखळी सुरू करतात. ढग जेमतेम किलोमीटरभर उंच असेल, पायाशी वर चढणारी हवा नसेल, तर फ्लेअर वाया जाते. खालची हवा कोरडी असली की थेंब वाटेतच विरतात. रडारवर ढग दिसल्यावर विमान लांबून निघालं, तर पोहोचेपर्यंत तो ढग मोडलेला असतो. म्हणून विमान आणि रडार लक्ष्यक्षेत्राजवळच हवेत, तेही जूनपासून. ऑगस्टमध्ये पावसाने खंड दिल्यावर निविदा काढून हाती काहीच लागत नाही.

सोलापूरला बीजन केलेल्या ढगांची तुलना मुद्दाम न पेरलेल्या, तशाच ढगांशी केली. वाऱ्याच्या दिशेच्या सुमारे १०० चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १८ टक्के वाढ दिसली. म्हणजे १० मिलिमीटरच्या जागी ११.८. खर्च लिटरमागे १८ पैसे सांगितला गेला. हेक्टरी एक मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर, म्हणजे १,८०० रुपये. पिकासाठी हे महागच आहे. पिण्याच्या पाण्याला परवडेल, पण पाऊस धरणाच्या पाणलोटातच पडेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

बारामतीला १९७३ ते १९८६ दरम्यान अकरा हंगाम मीठ पेरून २४ टक्के वाढ मिळाली होती. तिथेही पेरलेल्या भागासोबत न पेरलेला भाग मोजला होता, म्हणून त्या आकड्याला किंमत आहे.

जिल्ह्यासाठी ही सेवा घेणाऱ्यांनी करारात दोन गोष्टी घालाव्यातच: काही योग्य ढग चिठ्ठी टाकून न पेरता सोडायचे, आणि स्वयंचलित पर्जन्यमापकांचं दाट जाळं पावसाळ्याआधी बसवायचं. ‘इतक्या फ्लेअर जाळल्या, इतक्या तालुक्यांत पाऊस झाला’ एवढाच अहवाल देणाऱ्याला बिल मंजूर करू नये. तो पाऊस बीजनाविनाही पडला असता का, हे त्यावरून कळत नाही.